कालचा भाव, उद्याचा भरवसा

मनुष्याला भविष्य दिसत नाही, आणि ते दिसत नसतानाही त्यास आजच निर्णय घ्यावा लागतो. शेतकरी पेरणी करतो तेव्हा पाऊस कसा पडेल हे त्यास ठाऊक नसते. बाप मुलीचे लग्न ठरवतो तेव्हा तिच्या पुढील आयुष्याचे चित्र त्याच्यासमोर नसते. अंधारातील ह्या वाटेवर आपल्या हाती कंदील एकच असतो, तो म्हणजे मागील अनुभवाचा. ह्या कंदिलाचा उजेड किती अंतरापर्यंत पडतो, आणि जेथे तो पडत नाही तेथेही तो पडतो असे मानून चालणाऱ्याचे काय होते, ह्याचा थोडा विचार सभासद कुटुंबांपुढे मांडावा, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

निमित्त असे घडले. मार्गशीर्षातील एका गुरुवारी आरती आटोपल्यावर आपल्याच एका सभासदांचा मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. मुलगा शिकलेला, सुस्वभावी आणि वडिलांबरोबर शेतीत राबणारा आहे. नुकताच कापूस विकून घरात काही रक्कम आली होती. त्याने आपला मोबाइल माझ्यापुढे धरला. त्यावर बिटकॉइन ह्या आभासी चलनाच्या गेल्या दहा-बारा वर्षांतील भावाची रेघ उमटली होती. तो म्हणाला, "काका, ही रेघ पाहा. दर वेळी पडते, आणि दर वेळी पूर्वीपेक्षा उंच जाते. आता पुन्हा थोडी खाली आली आहे. बाबा म्हणतात, आधी काकांना विचार. घ्यावे का?"

मी त्यास तत्काळ उत्तर दिले नाही. ह्याचे कारण केवळ माझे अज्ञान नव्हते. अशीच एक रेघ मी स्वतः एकदा वाचली होती, आणि ती चुकीची वाचली होती. ती हकीकत आधी सांगितली पाहिजे, कारण स्वतःची चूक झाकून दुसऱ्यास शहाणपण शिकवणे हे योग्य नव्हे.

२०२१-२२ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ६,०२५ रुपये होता. पण बाजारात भाव त्यापुढे धावू लागला आणि २०२२ च्या आरंभी त्याने दहा हजारांचा आकडा ओलांडला. मी माझा कापूस त्यापूर्वीच विकून मोकळा झालो होतो. शेजारच्यांच्या गाड्या आदिलाबादच्या बाजार आवारातून चढ्या भावाने रिकाम्या होऊन परतताना मी पाहिल्या, आणि मनाशी निश्चय केला की पुढील वर्षी घाई करावयाची नाही. पुढील हंगामात हमीभाव ६,३८० झाला. बाजारात प्रारंभी आठ हजारांच्या आसपास भाव मिळत होता. मी विकला नाही. गतवर्षी दहा हजार झाले, तेव्हा ह्या वर्षीही होतीलच, असा माझा हिशेब होता. आमच्या पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस रचलेला होता. एका शेजाऱ्याने विचारले, "काय करू?" मी म्हणालो, "थांबा." केवळ मीच नव्हे, तर तेलंगणात आणि पैनगंगेपलीकडे विदर्भातही असंख्य शेतकरी त्या वर्षी असेच थांबले होते. वैशाख आला. भाव सात हजारांच्या घरात उतरला. कापूस वाळून वजनात घटला, त्याचा रंग पिवळसर झाला, आणि घरात ठिणगीची भीती ती निराळीच. माझे नुकसान मला सोसवले. शेजाऱ्याने मात्र खत-बियाणे उधारीवर आणले होते. थांबण्याच्या प्रत्येक महिन्याचे व्याज त्याच्या डोक्यावर चढत होते. तो मला कधी शब्दानेही बोलला नाही. आणि म्हणूनच तो प्रसंग मला विसरता आला नाही.

तेव्हा माझी चूक नेमकी कोठे झाली? गतवर्षीचा भाव मी खोटा वाचला नव्हता. दहा हजार हा आकडा खराच होता. चूक आकड्यात नव्हती, अनुमानात होती.

अनुमानाचा विचार आपल्या न्यायशास्त्राने फार सूक्ष्मपणे केला आहे. डोंगरावर धूर दिसला की तेथे अग्नी असला पाहिजे, असे आपण म्हणतो. हे म्हणण्याचा अधिकार आपल्यास कोठून येतो? जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, असा नित्य संबंध आपण जाणलेला असतो. ह्या नित्य संबंधास नैयायिक व्याप्ती म्हणतात. परंतु हेच वाक्य उलट करून पाहावे. जेथे अग्नी तेथे धूर असतोच काय? नाही. तापून लाल झालेल्या लोखंडात अग्नी आहे, पण धूर नाही. अग्नीपासून धूर निघण्यास इंधन ओले असावे लागते. ही जी मधली, सहसा न दिसणारी अट, तिला उपाधी असे नाव आहे. ज्याने आयुष्यभर ओल्या लाकडांच्याच चुली पाहिल्या, त्यास अग्नी आणि धूर ह्यांचे साहचर्य नित्यच वाटेल. हजार वेळा पाहूनही त्याचे ज्ञान पक्के होणार नाही, कारण पाहण्याची संख्या वाढली तरी उपाधी त्याच्या दृष्टीआडच राहते. चार्वाकांनी तर ह्याच कारणास्तव अनुमानावर विश्वास ठेवण्यास नकार दिला. इतक्या टोकास जाण्याचे कारण नाही, कारण अनुमानावाचून संसार एक दिवसही चालणार नाही. पण चार्वाकाचा प्रश्न मात्र खिशात बाळगण्यासारखा आहे: "हे नेहमी असेच होते, हे तुला कशावरून कळले?"

माझ्या कापसाच्या भावास उपाधी होती. महामारीनंतर गिरण्यांची मागणी एकदम उसळली होती, आणि पुरवठा त्या मानाने तोकडा होता. हे ओले इंधन होते. पुढील वर्षी सुताची मागणी मंदावली. इंधन वाळले, आणि धूर निघाला नाही. मी मात्र गतवर्षीचा धूर आठवत बसलो होतो.

ही चूक नवी नाही. कापसाच्याच निमित्ताने ती मुंबईने फार मोठ्या प्रमाणावर केलेली आहे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. दक्षिणेकडील राज्यांचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि त्यांची सारी भिस्त हिंदुस्थानच्या कापसावर आली. भाव वर्षानुवर्षे चढत गेले. मुंबईत पैशाचा पूर आला, आणि त्या पैशाने नवनव्या कंपन्यांचे भाग विकत घेण्याची झुंबड उडाली. समुद्र हटवून जमीन करण्यासाठी निघालेल्या बॅक बे कंपनीचा पाच हजार रुपये भरणा झालेला एक भाग पन्नास हजारांपर्यंत विकला गेला. त्या काळी कोणी भावाची रेघ कागदावर काढून पाहिली असती, तर ती एकंदरीत वर वर जाताना दिसली असती. त्या रेघेत कोठेही धोक्याची खूण नव्हती. खूण होती ती हजारो मैलांवर, अमेरिकेतील रणभूमीवर. १८६५ च्या एप्रिलात जनरल ली ह्याने शरणागती पत्करली, आणि अमेरिकेचा कापूस पुन्हा बाजारात येणार हे स्पष्ट झाले. भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी वायद्याचे सौदे पुरे करण्याचा दिवस उगवला तेव्हा देणेकऱ्यांच्या हाती काहीच उरले नव्हते. २,८५० रुपयांपर्यंत गेलेला बँक ऑफ बॉम्बेचा भाग पुढे ८७ रुपयांस विकला गेला, आणि ती जुनी बँक १८६८ मध्ये गुंडाळावी लागली. त्या काळच्या सर्वांत मोठ्या सटोडियाने, प्रेमचंद रायचंद ह्यांनी, आपल्या मातेच्या नावे दिलेल्या देणगीतून उभा राहिलेला राजाबाई मनोरा आज मुंबई विद्यापीठात उभा आहे. पण त्या तेजीत बुडालेल्या सामान्य घरांचे स्मारक कोठेही नाही.

आता त्या तरुणाच्या रेघेकडे वळू. बिटकॉइनची कल्पना २००८ च्या ऑक्टोबरात सातोशी नाकामोतो ह्या टोपणनावाने प्रसिद्ध झाली, आणि २००९ च्या जानेवारीत ते चलन चालू झाले. त्याची एकूण संख्या दोन कोटी दहा लाखांच्या पुढे जाणार नाही, अशी त्याची घडण आहे. सुमारे चार वर्षांनी नव्या नाण्यांच्या निर्मितीचा वेग निम्मा होतो; हे निमेपण २०१२, २०१६, २०२० आणि २०२४ ह्या वर्षी घडले. भावाचा इतिहास पाहिला, तर २०१७ च्या डिसेंबरात तो सुमारे वीस हजार डॉलरपर्यंत चढला आणि वर्षभरात सुमारे ३,२०० पर्यंत उतरला. २०२१ च्या नोव्हेंबरात तो ६९,००० च्या आसपास गेला आणि वर्षभराने सोळा हजारांखाली आला. २०२४ च्या डिसेंबरात त्याने एक लाख डॉलरची मर्यादा ओलांडली. तेव्हा तो तरुण जे म्हणत होता ते खोटे नव्हते. पडणे आणि पूर्वीपेक्षा उंच जाणे, हा क्रम खरोखरच दिसतो.

परंतु हा क्रम किती वेळा दिसला? तीन किंवा चार वेळा. तीन-चार चुली पाहून अग्नी आणि धूर ह्यांचा नित्य संबंध ठरवावा, असा हा प्रकार आहे. निमेपणानंतर भाव चढतो असे म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. निमेपण केव्हा होणार हे सर्व जगास आधीपासून ठाऊक असते. जी गोष्ट सर्वांस ठाऊक आहे, तिचा विचार आजच्या भावात आधीच झालेला असणार. गावात येत्या सोमवारी बाजार भरणार हे ठाऊक असलेला एकच मनुष्य असेल तर तो नफा मिळवील. साऱ्या गावास ते ठाऊक असेल तर त्यात विशेष लाभ कोणासच नाही. त्याच वर्षांत जगात पैसा स्वस्त होता की महाग, मोठ्या संस्था ह्या बाजारात उतरल्या की नाही, सरकारांनी कोणते कायदे केले, ह्या साऱ्या उपाधी त्या एका रेघेत विरघळून गेलेल्या आहेत. त्या वेगळ्या काढता येत नाहीत. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, की कावळ्याच्या वजनाविषयी सिद्धान्त मांडण्याची मनुष्यास फार हौस असते.

पॅरिस येथे लुई बाशेलिए ह्या गणितज्ञाने १९०० मध्येच आपल्या प्रबंधात असा विचार मांडला होता की, सट्टाबाजारातील भावाचे पुढील पाऊल मागील पावलांवरून ओळखता येत नाही. पुढे ह्या विचाराचा विस्तार करणारे यूजीन फामा ह्यांना २०१३ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी ते पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले त्यांत रॉबर्ट शिलर हेही होते, आणि त्यांचे मत बरेचसे विरुद्ध आहे. कंपनीच्या भागांचा भाव तिच्या उत्पन्नाशी ताडून पाहिला, तर दीर्घकाळात भाव अवाजवी आहे की नाही ह्याचा काही सुगावा लागतो, असे ते दाखवतात. वाचकांनी येथे बारकावा पाहावा. शिलर ह्यांच्या पद्धतीतही भाव हा भावाशी ताडलेला नाही. तो उत्पन्नाशी ताडलेला आहे. भाव मोजण्यास भावाबाहेरील एखादी काठी लागते. कापसास सूत आहे, हमीभाव आहे, गिरणी आहे. शेतास पीक आहे. कंपनीस नफा आहे. बिटकॉइनपाशी अशी काठी कोणती? मध्यस्थावाचून देशोदेशी रक्कम पाठवता येते, हा त्याचा उपयोग खरा आहे. संख्या मर्यादित असल्याने काहीजण त्यास सोन्याप्रमाणे साठवतात, हेही खरे. पण त्या उपयोगाचे मोल दहा हजार डॉलर की एक लाख डॉलर, हे सांगणारे माप अद्याप सर्वमान्य झालेले नाही. आपल्या भाषेत किंमत आणि मूल्य असे दोन शब्द आहेत, ते उगाच नाहीत. भावाची रेघ किंमत सांगते. मूल्याविषयी ती मौन पाळते.

भारतातील नलोपाख्यानात ह्यासंबंधी फार मार्मिक प्रसंग आहे. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक ह्या नावाने ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला होता. विदर्भाकडे रथ धावत असता वाटेवरील बेहड्याचे झाड पाहून ऋतुपर्णाने त्याच्या पानाफळांची संख्या नुसत्या दृष्टीने सांगितली. नलाचा विश्वास बसेना. त्याने रथ थांबवून फळे मोजली, तो संख्या बरोबर निघाली. गणनेच्या ह्याच विद्येशी फाशांचे रहस्य जोडलेले आहे, असे कथा सांगते. बेहडा आपल्या जिल्ह्याच्या जंगलातही आहे, आणि प्राचीन काळी त्याच्याच फळांचे फासे करीत. आता ऋतुपर्णास हे कसे साधले असेल? झाड सबंध त्याच्यासमोर उभे होते. दोन डहाळ्यांवरून तिसरीचा अंदाज करता येतो, कारण तिन्ही डहाळ्या एकाच बुंध्याच्या, एकाच ऋतूच्या, एकाच मातीच्या असतात. जाणत्या शेतकऱ्यास चार बोंडे पाहून शेताचा उतारा सांगता येतो, तो ह्याच बळावर. परंतु येणारे वर्ष ही गेल्या वर्षांच्या झाडाची आणखी एक डहाळी नव्हे. ते अद्याप न उगवलेले झाड आहे. ऋतुपर्णाने उभे झाड मोजले; पुढील वर्षी त्याच जागी कोणते झाड उगवेल, हे त्याने सांगितल्याचे कथेत नाही.

शिवाय आपण जी रेघ पाहतो ती जिवंत राहिलेल्याची असते. आभासी चलने हजारोंनी निघाली, आणि त्यांतील बहुसंख्य विस्मृतीत गेली. त्यांच्या रेघा कोणी कोणास कौतुकाने दाखवत नाही. लुना नावाचे एक चलन २०२२ च्या एप्रिलात शंभर डॉलरच्या वर होते. मे महिन्यात काही दिवसांतच ते मातीमोल झाले. मार्च महिन्यात ज्याने त्याची रेघ पाहिली असेल, त्यास ती बिटकॉइनच्या रेघेहूनही सुंदर दिसली असेल. नदी पोहून पैलतीरास आलेल्यांस विचारले, तर प्रत्येकजण सांगेल की नदी उतरण्याजोगी आहे. वाहून गेलेल्यांची साक्ष घेता येत नाही.

रेघ आणखी एक गोष्ट सांगत नाही. तुमचे चलन कोणाच्या हाती आहे, हे तिच्यात दिसत नाही. २०२४ च्या जुलैत वझीरएक्स ह्या भारतीय देवघेव केंद्रातून सुमारे तेवीस कोटी डॉलर किमतीची चलने चोरीस गेली, आणि तेथील ग्राहकांस आपली ठेव दीर्घकाळ काढता आली नाही. त्या काळात बिटकॉइनचा भाव जगात चढला, म्हणून त्यांच्या हाती काय आले? तसेच गेनबिटकॉइन ह्या योजनेचे. दरमहा दहा टक्के परताव्याचे आमिष दाखवून लोकांची रक्कम गोळा केल्याचे आरोप झाले, आणि महाराष्ट्र व दिल्ली येथील पोलिसांनी गुन्हे नोंदले. ज्यांनी तेथे पैसे घातले त्यांपैकी अनेकांनी बिटकॉइनची चढती रेघच पाहिली असेल. रेघ खरी होती. तिच्या आडून मांडलेला व्यवहार निराळा होता.

तर मग भावाचा इतिहास सर्वथा निरुपयोगी आहे काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. चढणारे भाव काही काळ चढत राहतात असे काही अभ्यासकांस आढळले आहे; पण ती बारीक, चंचल गोष्ट आहे, आणि ती साधण्यास अहोरात्र बाजारात बसलेले लोक आहेत. सामान्य कुटुंबास इतिहासाचा खरा उपयोग निराळा आहे. किती मिळेल हे तो सांगत नाही; किती गमावण्याची तयारी हवी, हे मात्र तो सांगतो. वीस हजारांचे ३,२०० झाले, म्हणजे शंभर रुपयांतील चौऱ्याऐंशी गेले आणि सोळा उरले. त्या सोळांचे पुन्हा शंभर होण्यास भाव सहापटीहून अधिक वाढावा लागतो. ६९,००० वरून सोळा हजारांखाली येताना शंभरातील तीनचतुर्थांशाहून अधिक गेले. ज्याने ती रेघ प्रामाणिकपणे वाचली, त्याने हेच वाचावयास हवे: "माझ्या एक लाखाचे सोळा हजार होऊ शकतात, आणि ते होण्यास एक वर्ष पुरते." हीदेखील कमाल मर्यादा नव्हे, लुनाने दाखविले की शून्यापर्यंतची वाटही मोकळी आहे. तो तरुण रेघेची शिखरे मोजत होता. त्याने दऱ्या मोजावयास हव्या होत्या.

आपल्या देशातील कायद्याचीही नोंद घेणे प्राप्त आहे. रिझर्व्ह बँकेने ६ एप्रिल २०१८ रोजी बँकांस ह्या व्यवहारांपासून दूर राहण्याचा आदेश दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी तो रद्द ठरविला. १ एप्रिल २०२२ पासून ह्या व्यवहारांच्या नफ्यावर तीस टक्के कर बसविण्यात आला, आणि एका चलनातील तोटा दुसऱ्या चलनातील नफ्यातून वजा करण्यास मुभा ठेवली नाही. सरकार कर घेते म्हणून वस्तू चांगली ठरत नाही. मद्यावरही कर आहे.

आता ह्या प्रश्नाच्या नैतिक बाजूकडे येतो. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसावे सूक्त एका जुगाऱ्याच्या पश्चात्तापाचे आहे, आणि ते त्यास शेवटी शेतीकडे वळावयास सांगते. मी बिटकॉइन घेणाऱ्या प्रत्येकास जुगारी म्हणत नाही. कापूस घरात दाबून भाव वाढण्याची वाट पाहणारा मीही त्या दिवसांत काही वेगळा नव्हतो. वस्तू कोणती, ह्यापेक्षा मनाची रीत कोणती, हा प्रश्न मोठा आहे. वस्तूचा उपयोग जाणून, तिचे मूल्य अजमावून, सोसवेल इतकीच जोखीम जो पत्करतो, तो व्यवहार करतो. केवळ काल भाव चढला म्हणून जो घेतो, त्याची आशा एकाच गोष्टीवर उभी असते: आपल्यामागून कोणीतरी अधिक आशाळभूत येईल आणि अधिक भाव देईल. तो कोणीतरी कोण? ह्या गोष्टी ओळखीने पसरतात. भावाने घेतले म्हणून मेहुणा घेतो, मेहुण्याने घेतले म्हणून शेजारी घेतो. शिखरावर घेणारा तो शेवटचा मनुष्य पुष्कळदा आपल्याच पंगतीत बसलेला असतो. त्याच्या तोट्याची अपेक्षा बाळगून आपण नफ्याचे स्वप्न पाहत आहोत काय, हे प्रत्येकाने स्वतःस विचारावे.

सल्ला देणाऱ्याची जबाबदारी तर त्याहून मोठी आहे. स्वतःच्या पैशाने चुकणारा आपल्या चुकीचे मोल आपण भरतो. दुसऱ्यास "थांबा" किंवा "घ्या" म्हणणारा काहीच भरत नाही. मी शेजाऱ्यास जे सांगितले त्यात कपट नव्हते, पण ज्ञानही नव्हते; आणि अज्ञान ज्ञानाच्या आवाजात बोलले, हा माझा दोष होता. मला ठाऊक नाही, एवढे तीन शब्द मी त्या दिवशी उच्चारले असते, तर त्याने कदाचित आपल्या देण्याचा विचार करून निर्णय घेतला असता.

म्हणून त्या तरुणास मी घ्या अथवा घेऊ नका, असे सांगितले नाही. मी एवढेच म्हणालो, "बाळ, उद्या भाव काय होईल ते मला ठाऊक नाही, आणि ही रेघ दाखवणाऱ्यासही ते ठाऊक नाही. तू तीन गोष्टी कागदावर लिही. पहिली, ही रेघ मिटवून टाकली तर ही वस्तू घेण्यास तुझ्यापाशी कोणते कारण उरते? दुसरी, जी रक्कम तू घालणार ती सारी गेली, तर घरातील धान्य, बियाणे, बहिणीचे शिक्षण आणि सोसायटीचे देणे ह्यांपैकी कशास धक्का लागतो? तिसरी, भाव पडला तर वडिलांना ते तू त्याच दिवशी सांगशील काय? हा कागद वडिलांना दाखव, आणि मग तुम्ही दोघे ठरवा. एक गोष्ट मात्र माझ्यासाठी कर. तू काहीही ठरविलेस तरी मित्रांस तसे करावयास सांगू नकोस."

पुढे त्यांनी काय ठरविले, आणि त्यानंतर भावाचे काय झाले, हे मी येथे मुद्दाम लिहीत नाही. ते लिहिले, तर वाचक लगेच त्या निकालावरून निर्णयाची परीक्षा करतील. भाव चढला असेल तर म्हणतील, काकांनी उगाच भीती घातली. पडला असेल तर म्हणतील, काका दूरदर्शी. दोन्ही बोलणी सारखीच चुकीची आहेत. ओली वाट आहे हे ठाऊक असून डोळे मिटून धावणारा एखादे वेळी न पडता पोहोचतो. म्हणून डोळे मिटणे शहाणपणाचे ठरत नाही. निर्णयाची योग्यता त्या क्षणी आपल्यापाशी असलेल्या ज्ञानाशी आणि कर्तव्याशी मोजावयाची असते. पुढे पडलेल्या दानाशी नव्हे.

आमच्या पुढच्या खोलीच्या भिंतीवर त्या वर्षीच्या कापसाच्या ढिगाची खूण अजून आहे. छताजवळ रंग फिकट झालेली ती आडवी रेघ मी पुसू दिलेली नाही. तीही एक भावाची रेघच आहे. शेजारी अजूनही दर हंगामात सल्ला विचारावयास येतो. आता मी त्यास प्रथम त्याच्या देण्याचा आकडा विचारतो, आणि भावाविषयी मला जे ठाऊक नाही, ते ठाऊक नाही असेच सांगतो.